मॅट अंथरायची पाळी

पेढ्यांचा डबा रोलरवर पडलेला होता. मुंग्या लागलेल्या.

त्या दिवशी इंजिनिअरिंगच्या यादीत माझं नाव आलं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाबा नागपुरातल्या एका क्लबच्या मैदानावर कामाला होते. गवत कापायचं, चुना मारायचा, पिचला पाणी द्यायचं, दगडी रोलर ओढायचा. मैदानाच्या मागच्या भिंतीला टेकून आमची टिनाची खोली होती. त्यात पाच माणसं. उन्हाळ्यात टिन असं तापायचं की आत बसवत नसे. पिचला दोन वेळा पाणी मिळायचं. आम्हाला उरलं तर.

बाबा धुतलेला सदरा घालून पेढे घेऊन पॅव्हेलियनमध्ये गेले. मी मागे उभा होतो. सेक्रेटरी पेपर वाचत होते. बाबा म्हणाले, "साहेब, पोरगा इंजिनिअरिंगला लागला."

सेक्रेटरींनी पेपर खाली केला नाही. "बरं. ठेव तिकडे बाहेर."

बाहेर ठेवायला टेबल नव्हतं. बाबांनी डबा रोलरवर ठेवला. खेळाडू येत-जात राहिले. एकानंही पेढा उचलला नाही. संध्याकाळी बाबांनी मुंग्या फुंकल्या आणि डबा घरी आणला. "आपले आपणच खाऊ," म्हणाले. आम्ही खाल्ले. माझ्या तोंडात एक मुंगी चावली.

मी ठरवलं होतं, असं काहीच नसेल तिथे जायचं. २००१ मध्ये अमेरिकेत एमएस करायला आलो. दोन वर्षांनी हर्नडन नावाच्या गावात नोकरी लागली. वाटलं, पोचलो.

हर्नडनला मराठी लोकांची क्रिकेट टीम होती. पुण्याचे, मुंबईचे, दोघे-तिघे नागपूरचे. सगळे सॉफ्टवेअरमधले. कॅप्टनला सगळे शिरीषदादा म्हणायचे. चाळिशीचा माणूस, गोड बोलायचा. एमएसपासूनचा माझा रूममेट निखिल मला टीममध्ये घेऊन गेला. तो नागपूरचाच. त्याचे काका बाबांच्या क्लबचे मेंबर. माझे बाबा कोण हे अख्ख्या टीममध्ये फक्त त्याला ठाऊक होतं.

"मी कशाला सांगू यार कुणाला?" तो म्हणाला होता.

शिरीषदादांनी पहिल्या दिवशी विचारलं, "वडील काय करतात?"

मी म्हणालो, "क्लबचं ग्राऊंड त्यांच्याकडे असतं."

"वा! क्युरेटर!"

म्हणजे पिचचा अधिकारी. मी हसलो. नाही म्हणालो नाही. आडनावाच्या जागीही मी बाबांचं पहिलं नाव लावायचो. आमचं आडनाव विदर्भातल्या माणसानं ऐकलं की पुढचं विचारायला लागत नाही. म्हणून. बाबांना क्युरेटर मी केलं. ती पहिली गद्दारी माझी. ती लपवून पुढचं सांगणार नाही.

आमचं मैदान म्हणजे काउंटीचं पार्क. मधे सिमेंटची पट्टी. तिच्यावर काथ्याचं जाड मॅट अंथरायचं, ताणायचं आणि कडेनं लांब खिळे हातोडीनं जमिनीत ठोकायचे. दमवणारं काम. मॅचच्या दोन तास आधी यायला लागायचं. म्हणून पाळ्या होत्या. दर शनिवारी दोघे. पाळीची ईमेल सीझनच्या सुरुवातीलाच यायची.

आमचा कोच लेस्टर. वेस्ट इंडिजचा. पन्नाशी ओलांडलेला, उंच, गुडघे गेलेले. विमानतळावर सामान चढवायचा आणि शनिवार-रविवार आम्हाला शिकवायचा. त्याचा बाप उसाच्या मळ्यात तोडणीला. हा अनवाणी बॉलिंग करत बेटाच्या टीमपर्यंत गेला. पण तेव्हा त्यांच्याकडे फास्ट बॉलरांची रांगच लागलेली. देशाची टोपी काही मिळाली नाही. मग इंग्लंडमधल्या गिरणगावांच्या क्लबांचा पगारी खेळाडू झाला. दर उन्हाळ्यात नवं गाव, नवी भाड्याची खोली. शनिवारी दिवसभर बॉलिंग, आठवडाभर तिथल्या पोरांना शिकवणं.

"माझी बॉलिंग चांगली पडली की मी त्यांच्या गावचा," तो सांगायचा. "वाईट पडली की तो काळा."

मला त्यानं माझा रन-अप शिकवला. पावलं मोजून दिली. चुन्यानं खूण करायला शिकवली. "यू हॅव अ रियल आर्म, मॅन." असं मला आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं. मी त्याला मनात गुरू करून टाकलं.

दोन सीझन मी टीमसाठी सगळ्यात जास्त विकेट घेतल्या. शिरीषदादांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. "पुढच्या सीझनला व्हाइस कॅप्टन हाच." मी घरी फोन केला. आईला व्हाइस कॅप्टन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझं ऐकतात?" हो, म्हणालो.

सीझन संपला की दसरा यायचा. खंडेनवमीला शिरीषदादांकडे शस्त्रपूजा. शस्त्रं कुठली, तर आमच्या बॅटी. देवघरासमोर चादर अंथरून बॅटी, पॅड, ग्लोव्ह्ज ओळीनं मांडायचे. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. ज्याच्या जास्त विकेट त्यानं नारळ फोडायचा. त्या वर्षी नारळ माझ्या हातात होता.

जेवताना वहिनींनी पानात पुरी वाढता वाढता सहज विचारलं, "तुमच्याकडे नागपूरला दसऱ्याला काय असतं हो? सोनं वाटता ना?"

तीन वर्षं घरी गेलो नव्हतो. घर डोळ्यासमोर होतं. तोंडातून निघून गेलं, "आम्ही सगळे पांढरे कपडे घालून सकाळीच दीक्षाभूमीवर जातो. काय गर्दी असते वहिनी! आई डबा घेते, आम्ही तिथेच खाली बसून जेवतो."

वहिनींच्या हातातला झारा थांबला.

शिरीषदादांच्या मुलीनं विचारलं, "व्हॉट्स दॅट, मॉम?"

"ईट युअर पुरी, बेटा."

निखिल ताटात बघत होता. शिरीषदादा म्हणाले, "अच्छा, अच्छा." मग सगळे हवामानाबद्दल बोलायला लागले. निघताना कुणी काही वेगळं बोललं नाही. वहिनींनी डब्यात श्रीखंड भरून दिलं. कागदाच्या डब्यात. बाकीच्यांना स्टीलचे, परत आणून द्यायचे. एकट्या माझाच परत नको होता.

एप्रिलमध्ये ईमेल आली. व्हाइस कॅप्टन निखिल. खाली मॅटच्या पाळ्या. पहिला शनिवार माझा. दुसरा माझा. तिसरा माझा. जोडीदाराचं नाव बदलायचं. माझं नाही. शेवटच्या शनिवारपर्यंत मी.

मी शिरीषदादांना फोन केला. म्हटलं, चुकून झालं असेल.

ते हसले. "अरे, चुकून कसं? तुला जमतं रे. आमच्या हातानं खिळे वाकडे जातात. तुझ्या रक्तातच आहे ते. वडिलांकडून आलेलं."

रक्तात. म्हणजे क्युरेटर गेला होता. रोलर आला होता.

निखिलला विचारलं, "तूच सांगितलंस ना?"

तो शूज घालत होता. वर बघितलं नाही. "दादांनी डायरेक्ट विचारलं यार. खोटं कसं बोलू? आणि तूही ना, दीक्षाभूमी कशाला काढायची तिथे?"

चार वर्षं आम्ही एका कुकरमधला भात खाल्ला होता.

आता लाज वाटते ते सांगतो. मी तीन शनिवार मॅट अंथरलं. गुपचूप. जोडीदार उशिरा यायचे, कॉफीचा कप हातात धरून. "सॉरी यार, ट्रॅफिक." मी गुडघ्यावर बसून खिळे ठोकायचो. वाटायचं, विकेट घेतो ना, मग गप्प राहू. खेळायला तर मिळतंय.

तिसऱ्या शनिवारी लेस्टर लवकर आला. मी एकटाच होतो. तो बाजूला उभा राहून बघत होता. हातोडी घ्यायला पुढे झाला नाही. म्हणाला, "सगळ्या आठवड्यांना तूच?"

मी सगळं सांगितलं. रोलर, पेढे, पुरी, सगळं. ऐकताना तो खाली मॅटवर बसला. मग त्यानं त्याचं सांगितलं. हे त्यानं टीममध्ये कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्याला दक्षिण आफ्रिकेतून खेळायला बोलावणं आलं होतं. तिथे काळ्यांना वेगळी वस्ती, वेगळे नळ, वेगळे बाक होते तेव्हाची गोष्ट. म्हणून जगानं त्या देशाशी खेळणं बंद केलेलं. देशाची टोपी मिळणार नव्हतीच. हा गेला.

"दे मेड मी ऑनररी व्हाइट, मॅन." मानद गोरा. म्हणजे गोऱ्यांच्या हॉटेलात झोप, त्यांच्या टेबलावर जेव. फक्त खेळाडूंना. दौरा संपेपर्यंत.

तिथल्या एका मैदानावर एक म्हातारा काळा माणूस रोलर ओढायचा. मॅच संपल्यावर लेस्टरनं त्याच्यापुढे हात केला. म्हाताऱ्यानं आपले हात पँटला पुसले. लेस्टरला वाटलं, हात मिळवायला पुसतोय. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी रोलरची दांडी धरली आणि चालायला लागला.

घरी परतल्यावर खेळायला बंदी. बेटावर कुणी बोलेना. आईनं दार उघडलं, पण चर्चला एकटीच गेली. म्हणून तो अमेरिकेत आला.

मी ऐकत होतो आणि मला लेस्टरचा राग येत होता. ज्याला गुरू केलं तो बाबांसारख्या माणसाच्या छातीवर पाय देऊन खेळलेला. तूही? असं तोंडात आलं होतं. मग हातातली हातोडी दिसली. मी काय करत होतो? क्युरेटरचा मुलगा म्हणून त्यांच्या टेबलावर पुऱ्या खात होतो. मानद.

चौथ्या शनिवारी मी वेळेवर गेलो आणि मॅट ठेवायच्या शेडच्या दाराशी बसून राहिलो. मॅट गुंडाळलेलं. दोन्ही टीम आल्या. शिरीषदादा घड्याळ बघत आले.

"मॅट का नाही अंथरलं?"

"माझ्या बापानं आयुष्यभर अंथरलं. आमच्या घराची पाळी संपली. आता तुमची."

"अरे, इथे अमेरिकेत कशाला जात काढतोस?"

"मी मॅटसुद्धा काढलेलं नाही, दादा. जात तुम्हीच ईमेलमध्ये काढली होती."

निखिल म्हणाला, "सीन नको करू यार, समोरची टीम बघतेय."

मी लेस्टरकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. त्यानं टोपी पुढे ओढली आणि म्हणाला, "लेट्स जस्ट प्ले क्रिकेट, मॅन." मग तो शिरीषदादांच्या बाजूनं चालत गेला. दुसऱ्यांदा.

मी बॅग उचलली. पार्किंगमधून मागे वळून बघितलं. नऊ इंजिनिअर मॅट ओढत होते आणि ते तिरकं पडत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. म्हटलं, "मी इथं लोकांना सांगितलं होतं, तुम्ही अधिकारी आहात."

बाबा म्हणाले, "काहून? लाज वाटत होती काय तुले?"

"हो."

"अन् आता?"

"नाही."

"मंग सांग त्याहिले. रोलरवाल्याचा पोरगा आहे म्हणाव."

सांगितलं. ऑफिसमध्ये, लीगच्या मीटिंगमध्ये, विचारतील तिथे. नवी टीम उभी करायला दोन वर्षं लागली. टॅक्सी चालवणारे, हॉटेलात काम करणारे, दोन गयानाचे, एक बांगलादेशी डॉक्टर, अकोल्याचा एक जण, ज्यानं मला भेटून आधी आपलं खरं आडनाव सांगितलं.

गेल्या मोसमात लेस्टर आमच्या मॅचला अंपायर म्हणून आला. थकलेला. मॅट अंथरणं चालू होतं. त्यानं माझ्यापुढे हात केला. मी त्या हातात हातोडी ठेवली. "कोपऱ्यातला खिळा राहिलाय."

तो गुडघ्यावर बसला. ठोकला. मी थँक्यू म्हटलं नाही.

हे २००८ आहे. लीगच्या कागदावर माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. आमच्या टीममध्ये पाळ्या नाहीत. मॅट अकरा जण अंथरतात आणि पहिला खिळा कॅप्टन ठोकतो. कॅप्टन मी आहे.