पद्मिनीताईंचा काटेरी हलवा

पद्मिनीताईंना आयर्लंडमधल्या मलिंगारमध्ये येऊन अठरा वर्षं झाली आणि या अठरा वर्षांत गावातली एकही गोष्ट त्यांच्या पसंतीला उतरली नव्हती. नवरा राजीव इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगा वेदांत हाताशी आलेला, घर स्वतःचं. तरी बाईंचं नाक मुरडलेलं ते मुरडलेलंच. जानेवारीतल्या हिवाळी उत्सवावर तर त्यांचा खास राग. "चार लाकडी टपऱ्या, करपलेले सॉसेज आणि कागदी कंदील घेऊन चिखलात फिरणारी माणसं. याला म्हणे उत्सव!" असं त्या दर वर्षी म्हणत, आणि दर वर्षी जात. नाही तर नावं कुणाला ठेवणार?

त्यांचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मराठी मंडळाची सेक्रेटरी सुचित्रा. ही सुचित्रा संक्रांतीचे दागिने प्लास्टिकच्या पांढऱ्या मण्यांचे करायची. "मग संक्रांत तरी कशाला करायची? नाताळच्या झाडावरचेच काढून घाला!" पद्मिनीताई नाकाने कांदे सोलत.

त्यांचा स्वतःचा हलवा मात्र अस्सल, हे मान्य करायलाच हवं. तिळांवर चमचा-चमचा पाक सोडत, मंद आचेवर बोटांनी फिरवत, तीन-तीन दिवस बसून त्या काटा आणत. इथल्या ओल्या थंडीत तो टिकत नाही, म्हणून हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी हलवा सुकवायची युक्ती त्यांनी काढली होती. यंदा तर वेदांतच्या बायकोची पहिली संक्रांत. इशिता वाढली डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला. मराठी सगळं समजायचं, बोलायची मोजकं. पोहे कसे झालेत? ग्रँड. साडी आवडली? ग्रँड. इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक', आणि या एका शब्दाने सासूची झोप उडवली होती. साऱ्या गावाला तुच्छ लेखणाऱ्या पद्मिनीताईंना, ही पोरगी आपल्याला काय लेखते, याची मात्र चक्क भीती वाटत होती.

म्हणून नोव्हेंबरपासून खपून त्यांनी हार, बाजूबंद, बांगड्या सगळं हलव्याचं केलं. उत्सवाच्या मिरवणुकीत यंदा मंडळालाही जागा मिळाली, तेव्हा जाहीर करून टाकलं की इशिता काळी चंद्रकळा नेसून, हे दागिने घालून सगळ्यांच्या पुढे चालणार.

"पद्मिनीताई, उघड्यावर आहे हो सगळं," सुचित्रा म्हणाली. "माझा सेट ठेवते पिशवीत."

"अगं, अठरा वर्षं बघतेय इथला पाऊस. नुसती भुरभुर! तुझे मणी तुलाच लखलाभ."

इशिताने रेनकोट पुढे केला. "आई, जस्ट इन केस?"

"हलवा काय रेनकोटाखाली घालायचा?"

साखर पाण्यात विरघळते हे शाळेतलं पोरही सांगेल. पण बाईंची अक्कल हॉट प्रेसच्या दाराशी संपत होती. मिरवणूक निघाली आणि ती नुसती भुरभुरही निघाली. दहा मिनिटांत काटा बसला. चौकात पोचेपर्यंत बाजूबंद गळून पडला, चंद्रकळेवर पांढरे चिकट ओघळ आले आणि हाराचा उरला एक ओला दोरा, त्याला चिकटलेले चार तीळ. इशिता तशीच पुढे चालत होती. पद्मिनीताईंचं तोंड अठरा वर्षांत पहिल्यांदा बंद झालं.

पुढच्या कोपऱ्यावर फोटोग्राफर उभा होता. सुचित्राने पिशवी उघडली. सुनेच्या गळ्यात तो प्लास्टिकचा हार पद्मिनीताईंनाच बांधावा लागला. बोटं पाकाने चिकट झालेली, गाठ काही लागेना.

घरी येऊन चहा होतोय तोवर फोटो मंडळाच्या ग्रुपवर हजर. फोटोत मणी काय आणि हलवा काय, कुणाला ओळखू येतोय? "पद्मिनीताई, काय हात आहे तुमचा!" कौतुकाचा नुसता पाऊस. "काटा बघा, काटा!" असंही एका शहाण्याने लिहिलं. प्लास्टिकला काटा! पद्मिनीताईंनी क्षणभर विचार केला आणि उत्तरादाखल जोडलेल्या हातांची इमोजी पाठवून दिली.

समोर इशिताच्याही हातात फोन होता. तिने मान वर करून सासूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ग्रँड," ती म्हणाली आणि उठून वर गेली.

पद्मिनीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा निवला. मग त्यांनी फोन उचलला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, "दागिने सुचित्राचे आहेत. माझे वितळले." पाठवलं, आणि फोन उपडा ठेवला.

वर हॉट प्रेसचं दार वाजलं. उरलेल्या हलव्याचा डबा घेऊन इशिता खाली आली, तोबरा भरलेला.

"आई, एवढा भारी हलवा तुम्ही पावसात घालवलात? मॅड आहात तुम्ही!"

सुनेने या घरात बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही नावं ठेवणारं. पद्मिनीताईंनी सोफ्यावर सरकून तिला जागा करून दिली.