एक मिसकॉल म्हणजे पोचलो

घरात मला भित्री भागूबाई म्हणायचे. म्हणोत बापडे. फोन वाजला की माझ्या मनात पहिला विचार वाईटच येतो, त्याला मी काय करू? बाबा दूध आणायला खाली उतरले आणि जरा रेंगाळले, तरी मी गॅलरीच्या कठड्यावरून वाकून रस्ता न्याहाळायची. आईला याचा भयंकर राग यायचा. ती मालवणीत करवादायची, "तुझ्या तोंडाक कधी बरा येवचा नाय."

आमची खोली लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे ते शिवडीच्या एका गोदामात वॉचमन म्हणून लागले, दिवसपाळीला. मध्ये एकदा छातीत दुखून इस्पितळाची वारी झाली होती. गोळ्या चालू होत्या, पण घरी बसायची त्यांची तयारी नव्हती. बसून राहिलो तर लवकर जाईन, असं ते हसत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. ते कामावर गेले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा.

माझी भुणभुण थांबावी म्हणून आईनेच मिसकॉलची पद्धत बसवली होती. तशी ती सगळ्या चाळीचीच पद्धत. गोदामात पोचल्यावर बाबांनी घरी फोन लावायचा, एकदा वाजू द्यायचा आणि कापायचा. एक मिसकॉल म्हणजे पोचलो. लागोपाठ दोन म्हणजे निघालो. दोन मिसकॉल आले की आई भात टाकायची, आणि बाबा हातपाय धुऊन बसेपर्यंत तो वाफ धरून तयार. आईचा फोन मांडणीवर, पितळी डब्याच्या बाजूला असायचा, कारण खोलीत तेवढीच जागा रेंजची. तो उचलायचा नाही, हा नियम. उचलला तर समोरच्याचे पैसे जातात, आणि पैसे घालवून बोलण्यासारखं नवराबायकोत काय असतं, असं तिचं म्हणणं.

एकदा मी विचारलं होतं, काही बरंवाईट झालं तर किती मिसकॉल द्यायचे? आईने हातातलं लाटणं माझ्यावर उगारलं. असलं घरात बोलायचं नाही. त्यामुळे पोचल्याची खूण होती, निघाल्याची होती, आणि त्या तिसऱ्या गोष्टीची खूण आम्ही ठेवलीच नाही.

मग ती नवी कंपनी आली. सिम फुकट, बोलणं फुकट, इंटरनेट फुकट. नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानासमोर अशी रांग लागली की पुढच्या वडेवाल्याचा धंदा अडला आणि तो सगळ्यांना शिव्या घालत सुटला. बाबा आधार कार्ड घेऊन सकाळीच रांगेत उभे राहिले, मशीनवर अंगठा टेकवला आणि प्रसाद आणावा तसं ते सिम दोन्ही हातांनी घरी घेऊन आले. त्यांच्या बटणांच्या फोनमध्ये ते चालेना, म्हणून मी माझा जुना टचचा फोन त्यांना दिला. पहिले काही दिवस ते त्याच्या काचेवर बोट असं दाबायचे, जणू दाराची बेल दाबतायत. आठवडाभरात चाळ बदलली. पोरं जिन्यात बसून क्रिकेट बघायला लागली. शेजारच्या काकू कानात वायरी घालून दिवसभर सिरियल बघायच्या आणि हाक मारली की दचकायच्या.

आईने मात्र साफ नकार दिला. "फुकट देणारो माणूस काय तरी घेऊकच येता," म्हणाली. शिवाय तिचा नंबर गावाला माहेरी सगळ्यांकडे होता, आणि गावात जुन्याच कंपनीचा टॉवर होता. मीही जुन्या कंपनीतच राहिले. मी दादरला साड्यांच्या दुकानात कामाला, मालकांनी सगळ्यांना एकाच कंपनीचे नंबर घेऊन दिलेले. बाबा एकटे पलीकडे गेले. ही गोष्ट तेव्हा कुणाला गोष्टच वाटली नाही.

नव्यावरून नव्याला फोन चुटकीसरशी लागायचा. नव्यावरून जुन्याला लावला की खरी मजा. कधी लागायचाच नाही, कधी बाई सांगायची की या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत, कधी एकदा वाजून आपोआप तुटायचा. जुन्यावरून नव्याला लावला तरी तीच गत. दुकानवाल्याकडे लोक भांडायला जायचे. तो हात वर करून म्हणायचा, "अरे बाबा, माझ्यावर का ओरडता? जुन्यावाले यांना लाइन देत नाय, आणि हे बोलतात तेच चोर आहेत." मोठ्या लोकांचं भांडण ते. आपण कुठे मध्ये पडणार?

आणि आमचं तर काही अडतच नव्हतं. बाबांना एकदाच वाजवून कापायची सवय. आईला न उचलायची सवय. मांडणीवरचा फोन रोज सकाळी एकदा वाजायचा, संध्याकाळी दोनदा, आणि घर सुरळीत चाललं होतं. फोन बाबा कापतायत की मध्येच तुटतोय, हे कळायला आम्हाला मार्गच नव्हता.

तो सोमवार होता. आमचं दुकान सोमवारी बंद, म्हणून मी घरी होते, पंख्याखाली लोळत. जेवणं झालेली. आईने संध्याकाळसाठी बांगड्यांना मीठ-मसाला लावून ठेवला होता. तेवढ्यात मांडणीवरचा फोन वाजला आणि थांबला. जरा वेळाने पुन्हा वाजला आणि थांबला.

आईचा चेहरा फुलला. "निघाले बघ. आज बेगीन सोडल्यानी वाटता." तिने तांदूळ धुतले, गॅसवर आधण ठेवलं. लवकर येतायत तर गरम गरम खातील, म्हणून तवाही काढला.

मला मात्र ते पटेना. बाबांना कधी कुणी लवकर सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. बदलीचा माणूस आल्याशिवाय ते खुर्ची सोडायचे नाहीत. शिवाय दोन मिसकॉलच्या मध्ये नेहमी जेमतेम श्वासभर अंतर असायचं, आज दुसरा फार उशिरा आला होता. मी माझ्या फोनवरून त्यांना लावला. सर्व लाइन व्यस्त आहेत. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, त्याच गोड आवाजात. आईच्या फोनवरून लावला, तरी तीच.

"रिक्षात बसले असतीत," आई म्हणाली.

"लालबागला रिक्षा येते कधीपासून?" मी खेकसले.

"मगे बसमधी. पहिल्यापासून तू भित्री."

भात झाला. बांगडे तळून झाले. शिवडी म्हणजे काही परगाव नाही, माणूस पायी निघाला तरी एव्हाना जिना चढताना दिसायला हवा होता. मी कठड्याला जाऊन उभी राहिले. खालून येणारं प्रत्येक टक्कल मला बाबांचं वाटत होतं, आणि वर मान केली की ते भलत्याचंच निघायचं. मला मनापासून वाटत होतं की आईच बरोबर ठरू दे, मला जन्मभर भित्री म्हणू दे. मागे वळून पाहिलं तर आई तव्यावरचं झाकण उगाच काढून परत ठेवत होती. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

मी शेजारच्या काकूंकडे धावले. त्यांच्याकडे नव्या कंपनीचा फोन. सिरियल रंगात आलेली. मी सरळ वायर ओढली आणि फोन हिसकावून घेतला. "अगं, काय झालं काय?" त्या ओरडल्या. मी बाबांचा नंबर दाबला. एका क्षणात लागला, समोरच्या खोलीत लावावा तसा.

उचलला तो बाबांनी नाही.

"आप इनके घर से बोल रहे हो?" आवाज कुणा अनोळखी माणसाचा. तो ट्रकवाला होता, नुकतीच गोदामात गाडी लावून आत आला होता. "ये बाबा गोनी पे बैठे हैं, पूरा पसीना पसीना. कब से घर पे लगा रहे हैं बोलते हैं. कभी लगता नहीं, कभी एक घंटी जाती है और कट जाता है. घर पे बताए बिना हॉस्पिटल नहीं जाऊँगा, बोल रहे हैं."

माझ्या तोंडातून शब्द कसे फुटले ते देव जाणे. "बता दिया बोलो उनको. घर पे पता चल गया. लेके जाओ." त्याने परळच्या इस्पितळाचं नाव घेतलं. मागून बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. "मिसकॉल नाय होता तो. सांग तिका, मिसकॉल नाय होता."

आई दारात उभी होती. फोन स्पीकरवर नव्हता, पण बाबांचं ते वाक्य तिला ऐकू गेलं असावं, किंवा माझ्या तोंडावर दिसलं असावं. ती खाली बसली. "ते थय तडफडत होते," ती म्हणाली, "आणि मी हय भात टाकलंय."

काकूंनी तिला उठवलं, गॅस बंद केला, आणि आम्ही टॅक्सी करून परळला गेलो. वाटेत आई तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाबा वाचले. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. असलं बोलायचं नाही, हे आईचं म्हणणं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

त्याच आठवड्यात आई स्वतः नाक्यावरच्या रांगेत उभी राहिली. दुकानवाल्याने विचारलं, जुना नंबर ठेवायचा का? ती म्हणाली, "काय्येक ठेवा, पण आमच्या ह्यांका लागूक होयो."

बाबांचं काम सुटलं. घरी आल्यावर डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं होतं. चालणार कुठे, तर गॅलरीतून मजल्याच्या टोकाला संडासापर्यंत. आईने फर्मान काढलं की तेवढंही जायचं तर फोन घेऊन, आणि फोन कापायचा नाही. आत बसून बोलत राहायचं.

"संडासात काय बोलू गो?" बाबा हैराण.

"फुकट आसा मां? काय पण बोला. पाढे म्हणा."

तेव्हापासून रोज सकाळी चाळीला पाढे ऐकू यायला लागले. फोनमधून आणि गॅलरीतूनही. मजल्यावरची माणसं हसायची, पोरं पुढचा आकडा ओरडायची. आई मांडणीपाशी फोन कानाला लावून उभी, चेहऱ्यावर हसू नाही. मी डबा भरत असायची, पण कान माझेही तिकडेच.

एका सकाळी बाबा सातच्या पाढ्यात होते आणि आवाज थांबला. "सात सक्क..." आणि काहीच नाही. आईच्या हातातला फोन नुसता शांत. मी डबा टाकून बाहेर धावले, पण भित्री म्हणून हिणवलेली मी मागे राहिले आणि आई अनवाणी गॅलरीभर पुढे गेली. तिने संडासाचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

"अगो, आसंय मी," बाबा आतून म्हणाले. "नेटवर्क गेला, म्हणान थांबलंय."

आईने कडी धरून ठेवली होती. तिचे खांदे हलत होते. शेजारची दारं उघडली, पण कुणी हसलं नाही.

"म्हणा," ती म्हणाली. "थांबू नका."

आतून बाबांनी घसा साफ केला आणि पुन्हा सात एके सातपासून सुरुवात केली.