सगळ्यांच्या मागची सायकल

सगळ्यांच्या मागे असलेला माणूस पडला, तर तो पडला हे कळणार कोणाला? आठवडाभर लतिकाच्या डोक्यातून हा प्रश्न हलत नव्हता. कुकर लावताना, भाजीवाल्या भैयाशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालताना, देवापुढे दिवा लावतानासुद्धा तो येऊन उभा राहायचा. आणि आज शनिवार. उद्या पहाटे पाचला हर्षवर्धन पुन्हा निघणार होता.

हर्षवर्धन तिचा मुलगा. सत्तावीस वर्षांचा, गोमती नगरातल्या एका कंपनीत नोकरीला, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा. त्याच्या वडिलांची, विश्वासरावांची, रेल्वेच्या नोकरीत लखनऊला बदली झाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, म्हणत साताऱ्याहून आलेलं बिऱ्हाड वृंदावन योजना ह्या वसाहतीत घर घेऊन कायमचं बसलं. मुलाला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. तबला सहा महिन्यांत सुटला, पोहणं एका उन्हाळ्यात, सी.ए.ची पुस्तकं कोरी करकरीत राहिली. टिकली ती एकच गोष्ट, सायकल. तीही साधी नाही. जाड दातेरी टायरांची, डोंगरात चालवायची.

"इथे डोंगर नाही, टेकडी नाही. मग ही कशाला?" तिने विचारलं होतं.

"नदी है न, आई," तो म्हणाला होता.

सई नदीच्या काठाला पावसाने कोरून काढलेल्या घळी आहेत, दोन-दोन पुरुष खोल. त्यांच्या कडेने शेळ्यांच्या वाटा उतरतात. दर रविवारी पंधरा-सोळा शहाणीसुरती माणसं छावणीजवळ जमून तिकडे जातात आणि त्या वाटांवरून स्वतःला खाली सोडून देतात. मग धापा टाकत वर येतात आणि पुन्हा सोडून देतात. ह्याला ते सुट्टी म्हणतात.

त्या सुट्टीची साफसफाई लतिकाकडे. बाल्कनीत सायकल, म्हणून कपडे वाळायचे ते आतल्या खोलीत. न्हाणीघरात चिखलाचे बूट. एकदा तिची नवीकोरी घासणी चेनच्या काळ्या तेलात बुडालेली सापडली, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

नोव्हेंबरात तो पडला आणि खांद्याचं हाड मोडलं. सहा आठवडे हात झोळीत. हाड जुळलं आणि स्वारी पुन्हा निघाली, तेव्हा लतिकाने एक गोष्ट केली, ती कोणाला सांगितली नाही. ह्या सायकलवाल्यांचे म्होरके म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले कर्नल दीनानाथ. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख झालेली. तिने त्यांना गुपचूप फोन लावला.

"कर्नलसाहेब, त्याला पुढे जाऊ देऊ नका. मागे ठेवा. आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका."

"काळजी सोडा, वहिनी," कर्नल म्हणाले. "एकदम मागे ठेवतो."

पुढे पळणारे पडतात, मागून येणारे सावकाश येतात, अशी तिची समजूत. तीन महिने ती रविवारी निवांत झोपली. ह्याच दिवसांत हर्षवर्धनने हवा भरायचा छोटा पंप घेतला, जादा ट्यूब घेतल्या, मलमपट्टीची पिशवी घेतली. पोराला अक्कल आली, असं तिला वाटलं.

मग गेला रविवार. पावणेदहाला देविकाने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. देविका शाळेत शिकवते, पन्नाशीत सायकल घेऊन बसलेली. फोटोत सगळे टपरीवर मातीच्या कुल्हडातला चहा पीत, बन-मक्खन खात उभे. लतिकाने चेहरे तीनदा पाहिले. हर्षवर्धन नव्हता. फोन बंद.

"फोटो तोच काढत असेल," विश्वासराव पेपरातून म्हणाले.

साडेबाराला तो आला. चाक वाकडं झालेली सायकल हातात धरून, कोपर फुटलेलं, रक्त मनगटापर्यंत वाळलेलं.

"कुठे होतास?"

"नीचे. गिर गया था. फोन बंद हो गया, चश्मा ढूँढने में टाइम लगा."

"आणि बाकीचे तुला टाकून चहा पीत होते?"

"टाकून नहीं, आई. उनको पता ही नहीं था. बाद में कर्नल सर लौटे ढूँढने, तब तक मैं दूसरे रास्ते से निकल आया." तो खुर्चीत बसला. "देविका आंटी का ट्यूब फटा था. मैंने बदला, उनको आगे भेजा, फिर मैं गिरा. मैं स्वीप हूँ न."

"ते काय असतं?"

"सबसे पीछे वाला. कोई गिरे, किसी की चेन टूटे, तो उसको लेकर आता है. सब निकल जाएँ, तब वो निकलता है."

"आणि तोच पडला तर?"

ह्यावर त्याने कोपरावर फुंकर घातली. "एक चाची बकरियाँ चरा रही थीं. चश्मा उन्होंने ही ढूँढा."

"हे काम तुला दिलं कोणी?"

"कर्नल सर ने. खुद बुलाके. तीन महीने हो गए." बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही त्याचा आवाज असा लागला नव्हता. लतिका कापूस आणायला आत गेली.

बुधवारी देविका त्याचं कोपर बघायला आली. लतिकाने चहा ओतताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्यालाच का हो ठेवलं मागे?"

"का म्हणजे? खात्रीचा माणूसच ठेवतात मागे. बाकीचे सगळे पळतात, लतिकाताई. तो आहे म्हणून मी त्या घळीत उतरते तरी."

लतिकाने कप तिच्यापुढे सरकवला. कर्नलांनी त्याला मागे ठेवलं ते खात्रीचा म्हणून, की एका आईने गळ घातली म्हणून? ते फक्त कर्नलांना ठाऊक. आणि हर्षवर्धनला ह्यातला अर्धाच भाग ठाऊक.

आज संध्याकाळी अखेर तिने विश्वासरावांना सगळं सांगितलं.

"म्हणजे त्याला घळीच्या तोंडाशी एकटं तूच उभं केलंस," ते म्हणाले.

"टोमणे नकोत. मी कर्नलांना पुन्हा सांगते, त्याला मध्ये घ्या म्हणून."

"पुन्हा त्याच्या नकळत?"

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? पण उद्या त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा मागे राहील. त्याची आई कोणाला फोन करील?"

ह्या माणसाचं हेच. वर्षभर पेपरातून मान वर काढायची नाही, आणि काढली की नेमकं खरं बोलायचं. ती रागाने बाल्कनीत आली. सायकल नव्हती. हर्षवर्धन चाक सरळ करून घ्यायला तेलीबागेत मिस्त्रीकडे गेला होता. सायकल नाही तर तिथे कपडे वाळत घालता आले असते, पण तिला ते सुचलं नाही.

तिने कर्नलांचा नंबर काढला. मागे एकाऐवजी दोघं ठेवा, एवढं एक वाक्य पुरलं असतं. कर्नल हो म्हणाले असते, पोराला पत्ता लागला नसता. आणि कधीतरी, बन-मक्खन खाताना, गमतीत कर्नल बोलून गेले असते, की अरे, तुझ्या आईनेच तुला मागे ठेवायला लावलं. तबल्यासारखीच सायकलही त्या दिवशी सुटली असती. नोव्हेंबरात तिला हेच तर हवं होतं. आज ते नको वाटत होतं आणि ह्याचाच तिला जास्त संताप येत होता.

दोघं मागे असावेत, हे त्यानेच कर्नलांना सांगायला हवं होतं. स्वीप तो होता. पण त्याआधी त्याला सगळं कळायला हवं होतं, आणि तेही तिच्या तोंडून. तो चिडेल. चिडला की हिंदीत चिडतो, ते एक बरं, तिला कमी लागतं.

तिने कर्नलांना फोन लावलाच नाही. चाक झालं का, हे आधी विचारायचं असं ठरवून तिने हर्षवर्धनला फोन लावला.