सोन्याच्या मुलाम्याची पिन

कारखान्यात तिला सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. हेडफोनच्या पिना आणि त्यांची सॉकेटं तपासायच्या खोलीत ती बसायची. तिथलं यंत्र दिवसभर पिन सॉकेटात घालायचं आणि बाहेर काढायचं, घालायचं आणि काढायचं. ठरलेले फेरे झाले की ती पिन भिंगाखाली धरून मुलामा कुठवर टिकलाय ते बघायची. सॉकेटातली पत्ती जिथे घासते तिथलं सोनं आधी जातं. मग खालचं करडं निकेल दिसतं, आणि तेही गेलं की पितळ. सोन्यामुळे आवाज गोड येतो, असं कुणी नवखं म्हणालं की ती म्हणायची, "सोन्याला गंज चढत नाही, एवढंच त्याचं काम. गोडी गाणाऱ्याच्या गळ्यात."

तिचा नवरा बेकरीत रात्रपाळीला होता. एका पहाटे कामावरून परत येताना तो बसथांब्यावर टेकला, तो उठलाच नाही. आठवडा उलटायच्या आत ती कामावर हजर झाली. साहेब म्हणाले, "अजून थोडे दिवस घरी राहा." ती म्हणाली, "घरी काय करू?" आणि भिंग पुसून कामाला लागली. डोळ्यांतून टिपूस नाही. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी कुजबुजलं, "दगड आहे बाई." तिने ते ऐकलं. असेलही, असं तिला वाटलं, आणि तिने डबा उघडला.

घरी आता ती आणि सासू. दोन खोल्या, मधे पातळ फळ्यांची भिंत. नवरा दिवसा आतल्या खोलीत झोपायचा आणि सासूला दिवसभर टीव्ही लागायचा, म्हणून त्यानेच लांब वायरचा हेडफोन आणला होता. पिन बायकोपुढे नाचवत तो म्हणाला होता, "सोन्याचं आणलंय बघ. लग्नात राहिलं होतं ना?" तिने पिशवीतून भिंग काढून पिन पाहिली होती. "वरवरचं आहे. वर्षभर टिकलं तर नशीब." सासू तोंडाला पदर लावून म्हणाली होती, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." त्या दिवशी तो झोपलाच नाही, तिघं हसत बसली होती.

पिन मात्र वर्षांमागून वर्षं चालली. सासू जेवायला उठताना वायर ओढून ती उपटायची आणि परत आली की खुपसायची. पुढे एकाच कानात आवाज येऊ लागला, मग खरखर. पिन जराशी फिरवली की तेवढ्यापुरतं भागायचं.

मुलगा गेल्यावर दिवसा झोपणारं कुणी उरलं नाही, तरी सासू हेडफोन लावूनच बसायची. भेटायला कुणी आलं की कानाकडे बोट दाखवून पडद्याकडे बघायची. आलेली माणसं सुनेकडे वळायची, जे बोलायचं ते बोलून जायची.

नणंद आली तेव्हाही तसंच झालं.

"वहिनी, तुम्ही कामावर जाता. आई दिवसभर एकटी. मी घेऊन जाते तिला."

आई हातभर अंतरावर बसलेली, डोळे पडद्यावर.

"बघू," सून म्हणाली.

"बघायचं काय त्यात? रविवारी गाडी घेऊन येतो आम्ही."

"बरं, वन्सं."

सासूला पाठवावं असं तिला वाटत नव्हतं, ठेवून घ्यावं असंही नाही. 'बरं' हा शब्द तोंडाशी होता, तो बाहेर पडला.

त्या गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ती केर काढत होती. झाडू वायरीत अडकला आणि पिन सॉकेटातून निसटून खाली पडली. पिन निघाली की टीव्हीचा आवाज बाहेर यायला हवा. आला नाही. सॉकेटातली पत्ती वाकून आतच अडकली असणार, एवढं तिला कळलं. पण सासूनेही मान वळवली नाही. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती आणि ती बघत होती.

तिने पिन भिंगाखाली धरली. सोनं नावालाही नव्हतं. निकेल एका बाजूने खरवडलेलं, मधे पितळ काळं पडलेलं. पिन परत बसवून तिने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. काहीच नाही.

"आई, हा कधीपासून बंद आहे?"

"तो होता तेव्हापासूनच. त्याला सांगणार होते."

"मग लावून का बसता?"

"कानाला हे असलं की कुणी काही विचारत नाही."

तिने हेडफोन सासूच्या मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी बघू म्हणालीस," सासू म्हणाली. "मी इथंच होते."

"हो."

"मी जावं असं वाटतं तुला?"

"मला काहीच वाटत नाही हो सध्या. खोटं कशाला बोलू?"

सासू वायर गुंडाळू लागली. "मलाही नाही वाटत काही. तिथे गेले तर दिवसभर सगळी मला रडवायला बघतील."

"मग राहा."

"राहते."

संध्याकाळी तिने बाजारातून नवं सॉकेट आणलं आणि टीव्हीची पाठ उघडून ते बसवलं. टीव्ही लावताच आवाज घरभर दणाणला. "हळू कर, हळू," म्हणत सासूने आतल्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं. सुनेने आवाज कमी केला. बातम्या संपेपर्यंत दोघी बसून होत्या.

रविवारी नणंद आली. आईचे कपडे भरायला रिकामी बॅगही घेऊन आली होती. सासूच्या कानावर काही नव्हतं.

"मी येत नाही," ती म्हणाली.

"वहिनींनी काही सांगितलं का?"

"तिने राहा म्हटलं. मी राहते म्हटलं. झालं."

"अगं, पण तुम्ही दोघी इथे नुसत्या..." नणंद रिकाम्या बॅगेवरच बसली आणि रडू लागली, भाऊ गेल्यापासूनचं सगळं रडू एकदम आल्यासारखी. सासू नुसती बघत राहिली.

सुनेने जवळ बसून नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. आतून काही हललं नाही, पण हात तिने काढला नाही. थोड्या वेळाने सासू म्हणाली, "पाणी आण तिला." मग सून पाणी आणायला उठली.