खांद्याला झेपेल असा कॅमेरा

प्रमोदिनी सरंजामेंना जुन्या इमारतींचे फोटो काढायचा नाद होता, तोही मोठ्या फिल्मवर. शाळेत चित्रकला शिकवायचं काम संपलं तसा तो आणखीच वाढला. मोबाइलमध्ये उंच इमारत मागे कलंडलेली दिसते, ते त्यांना बघवत नसे. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स वर-खाली आणि बाजूलाही सरकायची, त्यामुळे कॅमेरा न वाकवता भिंत ताठ उभी राहायची. पण वजन म्हणाल तर लोखंडी पेटी. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, "इतकं ओझं आता बिलकुल नाही."

सगळा उन्हाळा कॅमेरा कपाटात पडून राहिला. बाईंचं बोलणंही कमी झालं. शेवटी त्यांच्या यजमानांनी, दिवाकररावांनी, उदयसिंह मोहित्यांना फोन लावला. हे जुने स्नेही इंदूरचा फोटो स्टुडिओ बंद करून सांवेरला शेतावर राहायला गेले होते.

दोघं सांवेरला गेले, तेव्हा उदयसिंहांनी ओट्यावर दोन कॅमेरे मांडले. "हा धातूचा, एकदम हलका. हा लाकडी, थोडा जड आहे, पण घडी होऊन पिशवीत मावतो."

बाईंनी धातूचा उचलून पाहिला. "लेन्स बाजूला सरकते?"

"थोडी वर जाते. बाजूला नाही."

"चालेल की," दिवाकरराव म्हणाले. "खांदा आधी."

बाई हो म्हणणारच होत्या, तेवढ्यात उदयसिंह म्हणाले, "जल्दी काय आहे ताई? दोन्ही घेऊन जा. जिथे फोटो काढायचा, तिथेच लावून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं इंदूरच्या परदेशीपुऱ्यात एका बंद मिलच्या दरवाजापाशी पोचले. दरवाजाच्या नेमक्या समोर विजेचा खांब. खांबाच्या बाजूला उभं राहून धातूचा कॅमेरा दरवाजाकडे वळवला, तर कमान एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला बारीक होत गेलेली. सरळ धरला, तर अर्धा दरवाजाच बाहेर. बाईंचा चेहरा उतरला.

मग त्यांनी त्याच जागी लाकडी कॅमेरा सरळ समोर तोंड करून लावला, आपली जुनी लेन्स बसवली आणि डोक्यावर काळं कापड घेतलं. स्क्रू सैल करून लेन्स हळूहळू दरवाजाच्या बाजूला ढकलली. कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर कमान कडेने आत येत येत मधोमध येऊन थांबली. लेन्स इतकी सरकवल्यावर कोपरे काळे पडतात की काय, ही धाकधूक होती. एकेक कोपरा तपासला. सगळीकडे उजेड होता.

"दिसतंय का काही?" दिवाकररावांनी विचारलं.

"या, तुम्हीच बघा."

त्यांनी कापडाखाली डोकं घातलं. "अगं, हे तर उलटं आहे."

"उलटंच दिसतं. पण कमान सरळ आहे ना?" बाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

फोटो काढून झाला, तरी एक शंका उरलीच होती. लेन्स आणि काचेमधला कॅमेऱ्याचा घडीचा भाता जुना, कुठे बारीक भोक असेल तर उजेड शिरून फिल्म खराब व्हायची. घरी आल्याबरोबर त्यांनी बाथरूममध्ये अंधार करून फिल्म धुतली. निगेटिव्ह खिडकीशी धरलं, तर कमान वीट न् वीट स्वच्छ उतरलेली, कुठे डाग नाही.

ओल्या हातानेच त्यांनी फोन लावला. "उदयसिंहजी, लाकडी ठेवून घेते."

"मला वाटलंच होतं. पण खांदा काय म्हणतो?"

"पिशवी मीच उचलून आणली. हे मागत होते, दिली नाही."

जेवण झाल्यावर बाई जरा आडव्या झाल्या, आणि चहाची वेळ टळून गेली तरी दिवाकररावांनी त्यांना उठवलं नाही.