पत्र्यावर भिरकावलेली दाढ
लवंगेच्या तेलाचा वास आला की माझी जीभ अजून त्या रिकाम्या जागेत जाते. उधन्याच्या भंगार गोदामात मला एक चकचकीत पोलादी तुकडा सापडला आणि मी तो हौसेनं खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवला. हाताला फोड आले, उलट्या लागल्या, तेव्हा कुठे किरणं मोजणारी सरकारी माणसं आली आणि तुकडा शिशाच्या डब्यात बंद करून घेऊन गेली. त्यांच्यातल्या मागे थांबलेल्या मॅडमना मुकादम म्हणाला, "कालच आलेला माल तो." गोदामाला टाळं लागेल ही त्याला भीती. मी सातवी नापास, तरी बोललो, "नाही मॅडम, दोन महिने झाले." तसा त्यानं लोखंडी पाइप माझ्या जबड्यावर हाणला. "माझं खाऊन फितूर होतो का रे?" दुसरा घाव बरगडीवर बसला. रक्ताबरोबर दाढ हातात आली. पडलेला दात छपरावर टाकायचा असं आईनं शिकवलेलं, मी सवयीनं ती पत्र्यावर भिरकावली. लोकांनी मुकादमाला धरलं तशा मॅडम ओरडल्या, "अहो भाऊ, दाढ कुठाय? अंगात किती किरणं गेली ते दाढेत साठतं, त्या कोनाड्याच्या विटेतही. त्यावर तुमचे उपचार ठरतील!" "आता दात साक्ष देणार व्हय?" मुकादम थुंकला. बाई स्वतः तापलेल्या पत्र्यावर चढल्या, तळवे भाजले तरी दाढ घेऊनच उतरल्या. तपासणीत दाढ आणि कोनाड्यातली वीट, दोघींनी एकच सांगितलं, हे एका दिवसाचं काम नव्हे. त्या बाईंमुळे मी जगलो. आज दाताच्या डॉक्टरनं शेजारची दाढ उपटली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "फेकू नका साहेब, माझ्या हातात द्या."