खुंटीवरची सुतळी

माझ्या सासुरवाडीच्या ओसरीत, आबांच्या खाटेच्या वर, भिंतीला एक खुंटी होती आणि त्या खुंटीला सुतळीचे तुकडे लटकत असत. नवख्या माणसाला वाटायचं, कधी कामाला येतील म्हणून जपून ठेवलेत. पण ते मासे होते.

सासरे, म्हणजे आबा, माळकरी. त्या घरात मासा शिजणं तर सोडाच, मासळीचा वास अंगाला घेऊन कुणी उंबरठा ओलांडलेला चालत नसे. गाव यावल तालुक्यातलं, केळीच्या बागांत बुडालेलं. वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाझर तलाव होता, आणि मी, त्या घरचा थोरला जावई, असोद्याकडचा, जळगावच्या एका कचेरीत कारकून. नाल्यात गळ टाकायची चोरटी सवय मला लहानपणापासूनची. आमच्याही घरी कुणी मासे खात नव्हतं. मला ते धरायलाच आवडत. गळाला ओढ बसली की दंडापर्यंत जो झटका येतो, त्याच्यासाठी मी चार कोस चालत गेलो असतो.

लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी तलावावर जाऊन बसतो हे आबांना कळलं. मला वाटलं, आता जावयाचा मान गेला. पण त्यांनी थोडा विचार केला आणि निवाडा दिला.

"जीव मारनं नही. पान्यातला पान्यात गेला पाह्यजे. मंग दिवसभर खेया."

आबांच्या बोलीत ळ चा य होई; खेया म्हणजे खेळा. या निवाड्यात बेडकीही आली. मरळ मासा बेडकीवर तुटून पडतो, पण बेडकीलाही जीव असतो. म्हणून मी लाल चिंधी गळाला गुंडाळून पाण्यावर नाचवायचो. आणि मासा घरी आणायचा नाही म्हटल्यावर पुरावा कसला? त्यावर उपाय सुतळीचा. मासा धरला की त्याच्या अंगालगत सुतळी धरायची, शेपटीपाशी गाठ मारून तोडायची आणि मासा सोडून द्यायचा. संध्याकाळी आबा ती सुतळी हातावर ओढून बघत, बोटं मोजत आणि दर वेळी एकच प्रश्न विचारत, "सोडला ना?" मी "हो" म्हटलं की ती खुंटीला जाई.

मी केळीच्या खांबांच्या तराफ्यावर बसायचो. घड कापला की खांब वायाच जातो. असे चार खांब शेजारी शेजारी ठेवून त्यांत आरपार बांबू खुपसले की झाला तराफा. आठ दिवस उत्तम चालतो, मग पाणी पिऊन जड होतो आणि बसणाऱ्याची बैठक ओली करतो. पण त्या तलावात दुसरं काही तरंगतच नव्हतं, त्यामुळे मी स्वतःला दर्यावर्दी समजायचो. चार-पाच वर्षं त्या खुंटीवर फक्त माझ्याच सुतळ्या होत्या. ऐंशीच्या दशकातले ते सुरुवातीचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे दिवस होते, आणि हे मी बढती मिळालेला माणूस म्हणून सांगतो आहे.

मग मेव्हणीचं लग्न झालं आणि मला साडू आला.

तो धुळ्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. मूळचा आमच्याच भागातला, पण धुळ्यात राहून जिभेवर अहिराणी चढलेली. तो बोलला की घरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. मी सात वर्षं शुद्ध बोलत होतो, तर कुणाला हसू आलं नव्हतं. पहिल्या आखाजीला तो माझ्या तराफ्यावर मुकाट बसला, मी धरलेल्या दोन मासोळ्यांचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या आखाजीला येताना एसटीच्या टपावर डोंगी घेऊन आला.

डांबराची दोन पिंपं उभी चिरून, एकापुढे एक जोडून, दोन्ही टोकं निमुळती केलेली. एका माणसापुरती, आत फळी, बाहेर हिरवा रंग. आबांनी ती स्टँडवरून आणायला बैलगाडी पाठवली. माझ्यासाठी त्या घरातून कधी गाडी आली नव्हती. मी पिशवी घेऊन उन्हातून चालत यायचो आणि कुणाला त्यात काही वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं, त्या दिवसापर्यंत.

"आबा, बठ्ठं काम घरनंच शे," तो डोंगीवर थाप मारत म्हणाला, म्हणजे सगळं घरीच केलेलं. आबा तिच्याभोवती नव्या गाईभोवती फिरावं तसे फिरले.

चिंधीच्या जागी त्याने चमचा आणला होता. स्टीलच्या चमच्याचा दांडा कापून, कानस मारून, दोन्ही टोकांना भोकं पाडून एकीकडे गळ आणि दुसरीकडे दोरी. पाण्यात ओढला की तो असा लकाकायचा की मलाच चावावासा वाटे. दोरी तो फिटरच्या पद्धतीने बांधायचा, एकावर एक सात वेढे देऊन. माझी गाठ वेगळी. केळीला टेकू बांधताना मारतात ती, एका ओढीत सुटणारी. हात आपोआप तीच मारतो.

आणि त्या चमच्याला काना लागला.

काना म्हणजे तलावातला जुना मरळ. त्याचा डावा डोळा पांढरा झालेला होता. मरळ हवा घ्यायला वर येतो, तसा तो यायचा आणि मी तो पांढरा डोळा कितीदा पाहिला होता. माझ्या चिंधीकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. साडूने त्याला दुसऱ्याच दिवशी धरला. मी वीस हातांवर, ओल्या बैठकीने, ते पाहिलं. त्याने मासा मांडीवर घेतला, सुतळी लावली, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी हळूच सोडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, तुमच्या चिंधीनं त्याले भूक लावून ठेवली होती, म्हनून गावला."

हे तो खरंच मनापासून म्हणाला असणार. म्हणूनच माझा जास्त तिळपापड झाला.

ती सुतळी दीड हात भरली. आबांनी विचारलं, "सोडला ना?" तो म्हणाला, "सोडला आबा." सुतळी खुंटीवर गेली आणि जागा व्हावी म्हणून माझ्या चार सुतळ्या खाली आल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या बायकोला शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधून दिली, ती माझ्या सर्वांत लांब मरळाने. मी ती गाठ ओळखली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सुतळीच आहे ना?" कानामागून आली अन् तिखट झाली, ही म्हण मी त्या दिवसांत मनातल्या मनात किती वेळा म्हटली, त्याला हिशोब नाही.

पुढच्या आखाजीला त्याने काना परत धरला. आता आबा, आम्ही अंगणात पाय ठेवला की, त्याला विचारायचे, "काना भेटनार ना?" जसा काही तोही घरचाच. माझी बदली झाली होती, मला ताप येऊन गेला होता, पण चौकशी व्हायची ती कान्याची.

त्याच्या पुढच्या आखाजीला मी दोन दिवस आधी रजा टाकून गेलो. बायकोला सांगितलं, केळीचं बेणं बघायचं आहे. साडू अजून यायचा होता. डोंगी गोठ्याशेजारी पालथी ठेवलेली होती आणि चमचा तिच्याच फळीखाली, फडक्यात गुंडाळलेला. आबा सकाळी शेतात गेले तेव्हा मी कुणाला न विचारता डोंगी ओढत तलावावर नेली. चमच्याच्या दोरीला मध्येच कुठे तरी तूट होती, म्हणून ती कापून नव्याने बांधली. डोंगी माझ्या तराफ्यासारखी डुचमळली नाही. वल्ह्याचा एक हात मारला की सरळ जायची. मला तिचा राग आला आणि ती सोडवेनाशीही झाली.

तासाभरात ओढ बसली. दंडापर्यंत नाही, थेट छातीपर्यंत. वर काढला तर पांढरा डोळा.

दुसऱ्याच्या डोंगीतून, दुसऱ्याच्या चमच्याने का होईना, धरला होता मीच. मी सुतळी लावली. दीड हात आणि दोन बोटं. त्याच्यापेक्षा दोन बोटं जास्त, कारण मासाही वर्षभरात वाढला होता. गाठ मारून सुतळी खिशात टाकली आणि मासा मांडीवर घेऊन काठाला आलो. पाण्यात सोडायचा तो तिथेच सोडता आला असता. पण मला तो आणखी थोडा वेळ हवा होता.

काठावर पाड्यावरचा एक बाप्या हात-पाय धूत होता. केळी कापायला आला होता आणि काम आटोपून घरी निघाला होता. त्याने मासा पाहिला आणि साधेपणाने विचारलं, "भाऊ, याले परत टाकतात का?"

"आमच्यात खात नाहीत," मी म्हटलं.

"मंग आम्ही खातो ना."

मला "नाही" म्हणता आलं असतं. मी मांडीवरच्या माशाकडे पाहिलं. तोंड उघडत होता, मिटत होता. आणि माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं की हा परत पाण्यात गेला तर परवा पुन्हा साडूलाच लागणार. मी म्हटलं, "घेऊन जा." त्याने कल्ल्यातून लव्हाळी ओवली, मला राम राम केला आणि निघाला. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या घरी त्या दिवशी पोटभर जेवण झालं असेल. चुकलं ते माझं.

डोंगी होती तशी पालथी ठेवली, चमचा फडक्यात गुंडाळला. सुतळी मात्र खुंटीला लावता येईना. लावली असती तर आबांनी तो प्रश्न विचारला असता.

साडू आला, चमचा फडक्यातून काढला, दोरी चाचपली आणि तलावावर गेला. संध्याकाळी रिकामा परतला. "उन्हाचा तयाले बसला असंल," आबा त्याला म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका मऊ होता की माझ्या पोटात पुन्हा दुखलं. मासा मी धरला, आणि सहानुभूती गेली त्याला. पुढच्या चार आखाज्या असंच चाललं. तो हिरव्या डोंगीत, मी तराफ्यावर. तो नसलेल्या माशासाठी चमचा फेकायचा, मी ते बघायचो. एखाद्याला वाटेल, मला आतून गुदगुल्या होत असतील. सुरुवातीला झाल्याही. पण तो तिथे इतका निवांत बसायचा, वल्हं मांडीवर घेऊन, सकाळच्या उन्हात डोळे बारीक करून, की मला त्याच्या रिकाम्या हातांचाही हेवा वाटायला लागला. मला आता गळ टाकण्यात काही गोडी उरली नव्हती.

नव्वद साल उलटून गेलं होतं. त्या आखाजीला आबा खाटेवरून उठत नव्हते. जेवण तुटलं होतं, आवाज खोल गेला होता. आम्ही दोघे तलावावरून आलो तसे खाटेशी बसलो. आबांनी साडूकडे पाहिलं.

"काना हाये का?"

साडू खाटेच्या आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "हाये आबा. पन मले नही गावला. आज भाऊले गावला."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो आबांच्या पांघरुणाची घडी नीट करत होता.

आबांनी मान माझ्याकडे वळवली. इतक्या वर्षांनी, सुतळीसाठी माझ्याकडे. "मोठे जवाई, सुतयी?"

सुतळी माझ्या पाकिटात होती. ती फेकून देणं मला कधी जमलं नव्हतं. मळून काळी पडलेली, घडीवर झिजलेली. आजच्या माशाची ती नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं, पण आबांना तेव्हा फारसं दिसत नव्हतं. त्यांनी ती छातीवर घेऊन चाचपली, बोटं मोजली. दीड हात आणि दोन बोटं.

"ही सगयात लांब," ते म्हणाले. चेहरा उजळला. मी बारा वर्षं त्या चेहऱ्यासाठी पाण्यात बसलो होतो. मग त्यांनी विचारलं, "सोडला ना?"

मी "हो" म्हटलं.

"मंग लावा खुटीले," आबा म्हणाले आणि डोळे मिटले. मी उठायच्या आत साडूने सुतळी घेतली आणि खाटेवर एक पाय देऊन खुंटीला अडकवली.

बाहेर निंबाखाली मी त्याला विचारलं, कधीपासून माहीत आहे.

"त्याच दिशी, भाऊ. चमच्याले गाठ तुमची होती. टेकूची." तो डोंगीच्या बुडाला हात लावून, रंग उडाला होता तिथे बघत होता. "आन् डोंगीत खवले होते. सोडलेल्या माशाचे इतके खवले नही पडत."

"मग चार वर्षं बसलात कशाला?"

"मी नसतो बसलो तर आबांनी पुसलं असतं, का नही बसत म्हनून. काय सांगनार होतो त्याहिले? मोठा जवाई कसा हाये ते?"

मला वाटत होतं, त्याने ओरडावं. चार शब्द ऐकवावेत, म्हणजे माझं ओझं निम्मं झालं असतं. तो आत गेला आणि आबांना पाणी पाजू लागला. तेसुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

आबा त्याच पावसाळ्यात गेले. मेव्हण्याने ओसरीला रंग दिला तेव्हा खुंटीवरच्या बाकी सुतळ्या काढून टाकल्या, साडूचीही. वडिलांची शेवटची आठवण म्हणून तेवढी माझी ठेवली. अजून आखाजीला पाहुणे जमले की तो ती कौतुकाने दाखवतो, मोठ्या भाऊजींचा मासा म्हणून. कुणी तरी विचारतंच, "एवढा मोठा, आणि सोडला?"

साडू तिथे असला की माझ्याआधी तोच सांगतो, "सोडला."